खूण क्रमांक चौऱ्याण्णव

३ मार्च, सोमवार

पत्र आलं. पाकीट उजेडाकडे धरून पाहिलं, मग उघडलं. बातमी वाईटच असणार असं मी धरून चालले, कारण मी नेहमीच तसं धरून चालते. निघाली चांगली. वारसा निधीने आमच्या वाचनालयाचा अर्ज मंजूर केलाय. पोत्यांच्या गिरणीत बायका ज्या हातखुणांनी बोलायच्या, त्या सगळ्या चित्रित करायच्या, प्रत्येकीचा अर्थ लिहायचा आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत लोकांना बघायला कायमच्या ठेवायच्या.

आईला कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. तीनशे मागांच्या धडधडाटात एकतीस वर्षं काढल्यावर कानात उरणार काय? ती म्हणाली, "खुणा बघायला पैसे देतात? मी फुकट दाखवल्या असत्या की." आणि भांडी विसळायला गेली.

मला मात्र तेव्हापासून अर्जाचीच काळजी. अर्जात 'अपेक्षित संख्या' असा एक रकाना होता. मी तिथे शंभर लिहिलं. आईला न विचारता. शंभर आकडा गोल दिसतो, आणि कमी लिहिलं तर नाकारतील अशी भीती वाटली. पुढे असंही लिहिलं की आईच्या विणकाम खात्यातली तिच्याखेरीज दुसरी कोणी हयात नाही. तेही कोणाला न विचारता. आईच्या शेजारच्या मागांवरची ताडमाड उंच लांबी मावशी लेकीकडे दुसऱ्या गावी गेली आणि तिथे वारली, असं कोणीतरी कधीतरी म्हणालं होतं.

मंजुरीपत्राखाली बारीक अक्षरात अट आहे: काम तपासायला माणूस येईल; दिलेली माहिती खोटी आढळल्यास मंजुरी रद्द, आणि संस्थेला पुन्हा कधीही अर्ज करता येणार नाही. खाली वाचनालयाच्या वतीने सही माझी. बत्तीस वर्षं पाणीपट्टीच्या खिडकीत बसून मी लोकांचे फॉर्म तपासले. खोटं लिहिणारा मला अक्षरावरून कळायचा. आता माझं अक्षर कोण बघणार आहे?

६ मार्च, गुरुवार

चित्रीकरण सुरू झालं. फोटोवाला आमच्याच गल्लीतला, एरवी लग्नांचे व्हिडिओ काढतो. त्यामुळे दर पाच मिनिटांनी म्हणतो, "काकू, जरा हसा." आई म्हणाली, "धागा तुटल्यावर कोण हसतं रे?"

पण काय हात चालतात तिचे! दोन बोटं एकमेकांत अडकवून सोडवली की धागा तुटला. अंगठा खाली केला की धाग्याची कांडी संपली. मनगटावर टिचकी म्हणजे किती वाजले, जरी कोणाच्याच हातात घड्याळ नव्हतं. नसलेल्या मिशीला पीळ दिला की मुकादम येतोय. पुढे बिनमिशीचा मुकादम आला तरी खूण तीच राहिली, त्यामुळे त्याला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. हे सांगताना आई इतकी हसली की ठसका लागला.

मी रजिस्टर केलंय. रकाने आखले: क्रमांक, तारीख, खूण कशी करतात, अर्थ, कोणी करून दाखवली. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत आई, आई, आई. आज एकोणीस झाल्या. असंच चाललं तर शंभर सहज होतील असं स्वतःला बजावलं.

११ मार्च, मंगळवार

अठ्ठेचाळीस. वेग मंदावलाय.

सकाळी आईच्या हातातून चहाचा कप पडला. डाव्या हातातून. "पकड सैल झाली," म्हणाली. मी फरशी पुसली. पुसता पुसता मनात एकच चाललं होतं, अजून बावन्न कुठून आणू?

१९ मार्च, बुधवार

एकाहत्तर झाल्या आणि संपल्या.

मी म्हटलं, "आठव ना अजून." तिने बराच वेळ छताकडे पाहिलं. "संपलं गं भागू. एवढंच बोलायचो आम्ही. काम करताना माणूस बोलणार तरी किती?"

भागू हे काही माझं नाव नव्हे. लहानपणी मी पालीला घाबरायचे, पोस्टमनला घाबरायचे, गणिताच्या बाईंना घाबरायचे, म्हणून तिने भित्री भागूबाई म्हणायला सुरुवात केली. भित्री गळालं, भागू राहिलं. पालीची भीती अजून आहे.

तर मी तिच्याकडे बघत बसले होते, आणि ती उजव्या हाताने डावा दंड चोळत होती. मी विचारलं, "ही पण खूण आहे का?"

"कुठली?"

"हीच. आता करत्येस ती."

ती स्वतःच्या हाताकडे अशी बघत राहिली जसा काही तो दुसऱ्याचा होता. फोटोवाल्याचा कॅमेरा चालूच होता. मी रजिस्टरात लिहिलं: ७२. उजव्या हाताने डावा दंड चोळणे. अर्थ: थंडी वाजते.

गिरणीत थंडी कुठली? जीव उकडून निघायचा, हे मलाही माहीत आहे. पण तपासायला येईल त्याला कुठे माहीत असणार? लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा खोटी नोंद केली. वाटलं होतं आकाश कोसळेल. फोटोवाला म्हणाला, "ताई, चहा टाकताय ना?"

२४ मार्च, सोमवार

त्र्याऐंशी. एकदा लाज सोडली की काम भरभर होतं.

मी आता आईला विचारतच नाही. ती खुर्चीत बसते, फोटोवाला चालू करतो, आणि ती जे काही करेल ते मी टिपते. कान खाजवला: तेल संपलं. डावा हात मांडीवर तसाच पडू दिला: माग बंद पडला. डोळे मिटून मान मागे टाकली: कामाची पाळी संपायला वेळ आहे. फोटोवाल्याला संशय येऊ नये म्हणून मी अर्थ मोठ्याने वाचून दाखवते. मोठ्याने वाचलं की मलाही ते थोडं खरं वाटतं.

तो आज म्हणाला, "ताई, काकू एकाच बाजूने हसतायत बघा." मी म्हटलं, कॅमेऱ्याला बुजल्या असतील. मग सुचलं, गिरणीत तोंडाच्याही खुणा असायच्याच की! लिहिलं: ८०. तोंड एका बाजूला ओढणे. अर्थ: मुकादम चिडलाय.

जेवताना आईने चमच्याला कांडी म्हटलं. दोनदा. जुन्या आठवणी जाग्या होतायत तर! निधीच्या अहवालात हे लिहायला छान आहे.

दादाचा फोन आला. आईशी बोलला, मग मला म्हणाला, "तिचा आवाज असा जड का येतोय? डॉक्टरला दाखव." आठशे मैलांवरून उंटावर बसून शेळ्या हाकतोय. मी म्हटलं, तपासणी एकदा होऊ दे, मग नेते. तो म्हणाला, "तपासणी कोणाची?" मी म्हटलं, माझी.

२७ मार्च, गुरुवार

पत्र. दोनदा वाचलं.

निधीच्या बाई ८ एप्रिलला येणार, चित्रफिती बघणार. ते ठीक. खाली लिहिलंय: 'सोबत त्याच गिरणीत, त्याच खात्यात काम केलेल्या, सध्या लेकीकडे राहणाऱ्या एक विणकर बाई असतील. त्यांचा शोध आमच्या कार्यालयाने घेतला आहे. खुणांचे अर्थ त्या पडताळून पाहतील.'

लांबी मावशी जिवंत आहे. मी तिला अर्जात मारून टाकलं होतं.

आईला सांगितलं तर ती कितीतरी वेळाने म्हणाली, "लांबी?" आणि उजव्या हाताने डोक्यावर खूप उंच दाखवलं. चेहरा असा उजळला की मला माझीच चीड आली. मैत्रीण जिवंत निघाली म्हणून एकीला आनंद, आणि दुसरीची पाचावर धारण. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

२ एप्रिल, बुधवार

आई जवळजवळ बोलेनाशीच झालीय. मी विचारलं तर मान हलवते, नाहीतर हाताने सांगते. फोटोवाला म्हणतो, काकू भूमिकेत शिरल्या. मलाही तसंच वाटतं. दिवसभर खुणा करून करून तोंडाची सवय गेली असेल.

आणि एक नवी खूण मिळाली, मी न सुचवता! तीन दिवस बघतेय. ती उठते, भिंतीला धरून माझ्यासमोर येऊन उभी राहते. उजव्या हाताने डाव्या खांद्यावर दोनदा थोपटते आणि तो तळहात माझ्याकडे उघडा करते. मग तशीच थांबते. माझ्या तोंडाकडे बघत. मी "काय गं?" म्हटलं की पुन्हा तेच. मी "बरं बरं" म्हणून कामाला लागले तरी ती हलत नाही. काल स्वयंपाकघराच्या दारात अशी किती वेळ उभी होती कोण जाणे. मी वळले तेव्हा दचकलेच.

आज हे चित्रित केलं. अर्थ? विचारून उपयोग नाही. खूप विचार केला. खांदा म्हणजे कोट, आणि कोट घालायचा फक्त साहेब. तळहात उघडा म्हणजे समोर बघ. लिहिलं: ९४. अर्थ: मोठे साहेब फेरीला आलेत, नीट उभी राहा.

ही एकच मी बनवलेली नाही. फक्त अर्थ बनवलाय.

५ एप्रिल, शनिवार

आज जे केलं ते लिहायला नको वाटतं. पण इथेही खोटं लिहिलं तर मग खरं कुठे लिहू?

शंभर भरल्या, मग आईला उजळणी करायला बसवलं. मावशीने समोर विचारलं तर आईने मान डोलवायला हवी ना! मी कान खाजवून दाखवायचे आणि ओरडायचे, "तेल संपलं! म्हण हो!" तिला समजेना. ती दंड चोळायला लागली. मी म्हटलं, "ती नव्हे, ती थंडीची!" पुन्हा तेल. पुन्हा चुकली. चौथ्यांदा मी तिचा हात धरून ओढला आणि तिच्याच कानाशी नेला. जोरात ओढला.

हात किती हलका लागला. आणि तिने सोडवून नाही घेतला. माझी आई, जिने एकदा मुकादमाला मागावरचा धोटा फेकून मारला होता असं सगळी वसाहत सांगते.

मी हात सोडला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग खांद्यावर दोनदा थोपटलं, तळहात उघडा केला आणि थांबली.

मी ओरडले, "आई, साहेब नंतर! आधी तेल!"

८ एप्रिल, मंगळवार

सगळं क्रमाने लिहिते.

अकराला वाचनालयात आल्या. निधीच्या बाई माझ्या कल्पनेपेक्षा फार लहान, चष्मा घसरत असतो, पिशवीत पाण्याची बाटली गळत होती. लांबी मावशी काठी टेकत आली, वाकलीय तरी दारातून डोकं खाली घालूनच आत आली. आईला मी मागच्या खोलीत खिडकीशी खुर्चीत बसवलं होतं, नवं पातळ नेसवून. मावशी तिच्याकडे वळणार तेवढ्यात मी घाईघाईने म्हटलं, "आधी चित्रफिती बघून घेऊ, वीज जायची." वीज जात नाही आमच्याकडे. मला ते संपवायचं होतं.

पहिल्या एकाहत्तर बघताना मावशी पोरीसारखी खिदळत होती. मिशीची खूण बघून तिने टाळी दिली, बाईंना. "खरी?" बाई विचारायच्या. "खरी तर काय!" मी मनात मोजत होते. एकोणसत्तर. सत्तर. एकाहत्तर.

बहात्तर आली. मावशीचं खिदळणं थांबलं.

"थंडी?" ती म्हणाली. "आमच्या गिरणीत?"

तेल संपल्याची आली. "अगं पोरी, ही कान खाजवतेय!" ती हसली, पण अर्धवटच. मग ऐंशीवी आली आणि ती पुढे वाकली. "चष्मा दे गं," म्हणाली आणि बाईंचाच चष्मा डोळ्यांवर धरून बघू लागली.

मला सहन होईना. मी उभी राहिले आणि म्हटलं, "बहात्तरपासून पुढच्या सगळ्या खोट्या आहेत. मी केल्या. शंभर लिहून बसले होते. आईचा दोष नाही, वाचनालयाचाही नाही. काय शिक्षा असेल ती मला करा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदांकडे. म्हणाल्या, "ताई, शंभर कोणी मागितल्या होत्या? आम्ही चाळीस धरल्या होत्या. एकाहत्तर म्हणजे खूपच झाल्या. बाकीच्या खोडून टाका आणि तसं एक पत्र द्या."

बस. एवढंच. ज्याला घाबरून मी महिनाभर अन्न गोड लागू दिलं नाही, ते चार वाक्यांत संपलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मी खाली बसले, हसू की रडू कळेना. सुटले, असं मोठ्याने म्हणाले बहुतेक.

फित थांबवायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पडद्यावर चौऱ्याण्णव चालू होती. आई उभी, खांद्यावर दोनदा थोपटतेय, तळहात उघडा.

लांबी मावशीने नकळत स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. पडद्याकडे बघून. मग तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"ही कधीची?"

"बुधवारची," मी म्हटलं. "पण ती रोज करते. आठवडा झाला."

"रोज? आणि तू काय उत्तर दिलंस?"

"उत्तर?"

ती काठी न घेताच उठली, खिडकीशी गेली, आईची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. मी तेव्हा पाहिलं. म्हणजे महिनाभर कॅमेऱ्यातून पाहत होते, तेव्हा पाहिलं. डाव्या गालाचं मांस उतरलं होतं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ नव्या पातळावर.

"हिला दवाखान्यात ने," मावशी म्हणाली. "आत्ता ने. ऊठ."

९ एप्रिल, बुधवार

दवाखान्यातून लिहितेय. बाकावर.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला एकदा नव्हे, बारीक बारीक बरेच झटके येऊन गेलेत. काल रात्रीतून मोठा आला. डावी बाजू गेली. वाचाही. "पहिलं लक्षण कधी दिसलं? तारीख आठवते?"

माझ्या पिशवीत रजिस्टर होतं. काल हातात होतं तसंच राहिलं. मी ते उघडून त्यांच्यापुढे ठेवलं, का ते मला माहीत नाही. त्यांनी वाचलं. १९ मार्च, डावा दंड चोळणे. २४ मार्च, डावा हात मांडीवर पडू देणे. २४ मार्च, तोंड एका बाजूला. त्यांचं बोट रकान्यातून खाली सरकत गेलं.

"सगळं तर लिहिलेलंच आहे," ते म्हणाले. "तारखेवार. हे घेऊन तुम्ही आला का नाहीत?"

रागाने नाही म्हणाले. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

कप पडल्याची नोंद त्यात नाही. ती या वहीत आहे. तीही सांगितली.

जगातल्या सगळ्या गोष्टींना मी घाबरले. पाकिटाला, अटीला, अक्षराला, लांबी मावशीला. आईसाठी मला एकदाही भीती वाटली नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

दादा आलाय, डॉक्टरांशी तोच बोलतो. माझ्याशी कमी.

मावशी परत गेली नाही, आमच्याच घरी राहिलीय. आज बाकावर माझ्याशेजारी बसून तिने सांगितलं.

"खांद्यावर दोनदा, मग हात तुझ्याकडे. म्हणजे माझे माग बघ. मला जायचंय. कोणाला घेरी आली, कोणाचं पोर आजारी, निरोप आला, की शेजारचीला असं सांगायचं. आणि शेजारचीने छातीवर हात ठेवून मान हलवायची. बघते, तू जा. तेवढं उत्तर मिळाल्याशिवाय मागापासून हलायचं नाही. मग पोटात कितीही कळ येवो."

"नियम होता?"

"गिरणीचा नव्हता, आमचा होता. सोडलेला माग कोणाचाही जीव घेईल, धोटा उडाला तर. तुझ्या वेळी तुझी आई कळा सोसत उभी होती, कारण मी पाणी प्यायला गेले होते. मी येईपर्यंत हलली नाही. आले, तिने खांदा थोपटला, मी छातीवर हात ठेवला, तेव्हा गेली. संध्याकाळी तू झालीस. तिचे माग मी चालवले, माझे धरून."

मी विचारलं, "मग ही खूण तिने एकाहत्तरांत का नाही सांगितली?"

मावशी म्हणाली, "ती काय कॅमेऱ्याला करायची खूण आहे?"

१२ एप्रिल, शनिवार

आई उजव्या हाताने अजून करते. डोळे उघडले की मी दिसते, आणि हात हळूहळू खांद्याकडे निघतो. पोचायला वेळ लागतो. दोनदा थोपटते. तळहात माझ्याकडे. मग थांबते.

मी उत्तर देत नाही.

मी ठरवलंय. उत्तर मिळाल्याशिवाय हलायचं नाही ना? मग मी नाहीच देणार. एकतीस वर्षांत तिने नियम मोडला नाही, आता काय मोडेल? हे लिहिताना मला कळतंय की मी वेड्यासारखं लिहितेय. पण मी खिडकीकडे बघते, सलाइनकडे बघते, माझे हात पदराखाली धरून ठेवते. चुकून छातीकडे गेला तर!

मावशीने तिच्यासमोर उभं राहून छातीवर हात ठेवून पाहिला. आईने तिच्याकडे बघितलं, ओळखलंसुद्धा, आणि नजर पुन्हा माझ्यावर आणली.

"माझं चालत नाही," मावशी म्हणाली. "शेजारचीचंच लागतं. आता शेजारची तू."

"कसले माग, मावशी? काय बघू मी?"

"असतील तिचे तिला माहीत. आम्ही कधी विचारलं नाही एकमेकींना."

१३ एप्रिल, रविवार

आज सकाळपासून अकरा वेळा. हात खांद्यापर्यंत पोचत नाही, दंडाशीच थांबतो, तिथेच थोपटते. सिस्टर म्हणाली, "आजींना काहीतरी हवंय, तुम्हाला कळतंय का?" मी म्हटलं नाही. पुन्हा खोटं.

मावशी बाहेर घेऊन गेली आणि जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. "माणसाला असं तिष्ठत ठेवायचं नसतं गं! घेरी येत असली तरी ती उभी राहील. तू बघतेस म्हणून उभी राहील. भीती तुझी, आणि उभं तिने राहायचं?"

१४ एप्रिल, सोमवार

दुपारी अडीचच्या सुमाराला. दादा औषधं आणायला गेला होता. पडद्यातून ऊन आईच्या पायांवर आलं होतं. तिने डोळे उघडले. हात उचलला, तो छातीपर्यंतही आला नाही, चादरीवरच दोन बोटं दोनदा हलली आणि तळवा माझ्याकडे वळला.

मला इतकी भीती वाटली की उभी होते ती खाली बसले. मग पुन्हा उभी राहिले, कारण मागाशी बसत नाहीत.

छातीवर हात ठेवला. मान हलवली. तिला नीट दिसावं म्हणून पुन्हा एकदा हलवली.

ती बघत राहिली, चुकलं तर नाही ना असं तपासल्यासारखी. मग तळवा उलटा झाला आणि हात चादरीवर पडला. महिनाभरात तिचा चेहरा असा सैल पडलेला मी पाहिला नव्हता. दोन्ही बाजूंनी.

झोपलीय. श्वास चाललाय. मी इथेच बसून हे लिहितेय आणि मधून मधून वर बघतेय.

२ मे, शुक्रवार

आईचं तेरावं झालं, पाहुणे गेले. दादा काल गेला. निघताना मला जवळ घेतलं, पण बोलला काही नाही. बोलला असता, ओरडला असता तर बरं झालं असतं.

घर फार शांत आहे. मला सगळ्यात भीती कशाची वाटत होती तर याच शांततेची. ती आहे आणि मी तिच्यात भांडी घासते, दिवा लावते. रात्री पाल दिसली. तिलाही राहू दिलं.

आज रजिस्टर नव्याने लिहून काढलं. बहात्तर ते शंभर सगळ्या खोडल्या, निधीच्या बाईंना तसं पत्र लिहिलं, सही केली. मावशीने शेजारी बसून प्रत्येक अर्थ पुन्हा ऐकला. आईने सांगितलेल्या एकाहत्तरपैकी एकही चुकीची निघाली नाही.

सकाळी फोटोवाल्याला वाचनालयात बोलावलं, दोन नोंदी अजून करायच्या होत्या म्हणून. पहिलीची फित होतीच. दुसरीसाठी मी खिडकीशी आईच्या जागेवर उभी राहिले. त्याने कॅमेरा लावला, सवयीने तोंड उघडलं, आणि हसा म्हणाला नाही. मी एकदाच केली. पुन्हा करायला लागली नाही.

७२. उजव्या हाताने डाव्या खांद्यावर दोनदा थोपटून तळहात समोरचीकडे उघडा करणे. अर्थ: माझे माग बघ. कोणी करून दाखवली: आई.

७३. उजवा हात स्वतःच्या छातीवर ठेवून मान हलवणे. अर्थ: बघते. तू जा. कोणी करून दाखवली: शेजारची.